पाण्याची नळी : तिचा इतिहास व तिची निगा

बागेस पाणी घालण्याची नळी ही इतकी सामान्य वस्तु आहे कीं, तिलाहि इतिहास असेल अशी कल्पना सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती बाजारांतून आणावयाची, नळाला लावावयाची, काम झालें कीं ओढून भिंतीशीं टाकून द्यावयाची, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर तिला भेगा पडल्या म्हणजे दुकानदाराच्या नांवानें बोटें मोडावयाचीं, असा बहुतेक घरांचा क्रम असतो. परंतु या उपेक्षित वस्तूच्या मागें साडेतीनशें वर्षांचा इतिहास आहे. आणि तो पाहूं लागलें म्हणजे एक गोष्ट विशेष नजरेस भरते. ती ही कीं, नळी कशाची करावी या प्रश्नानें माणसाला जितकें सतावलें, तितकेंच काम संपल्यावर ती ठेवावी कशी या प्रश्नानेंहि सतावलें आहे. एकेका शोधानें नळीचें रूप पालटलें खरें. पण प्रत्येक नव्या नळीबरोबर निगेची एक नवी विद्याहि माणसाला शिकावी लागली.

लवचिक नळींतून पाणी वाहून नेण्याची कल्पना महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास मुळींच अपरिचित नव्हती. विहिरीवरील मोटेला खालच्या बाजूस कातड्याची एक निमुळती सोंड असे. मोट वर येत असतां ही सोंड बारीक दोरानें वर धरलेली राही. मोट थारोळ्यापाशीं पोंचली कीं सोंड पुढें ओढली जाई आणि पाणी आपोआप थारोळ्यांत पडून पाटानें वाहूं लागे. कामाला माणूस एकच, तो बैलांमागें धावेवर. विहिरीच्या तोंडाशीं मोट रिकामी करावयास दुसरा कोणी नको! ही योजना चतुराईचीच म्हटली पाहिजे. परंतु सोंडेंतील पाण्याला दाब असा नव्हता; तें आपल्याच भारानें खालीं पडे. पन्नास किंवा शंभर फूट अंतरावर, जिन्यानें वर, कोपऱ्यावरून वळून, जोराच्या धारेनें पाणी नेणारी नळी मोटेच्या सोंडेंतून निघाली नाहीं. तिचा जन्म बागेंत किंवा शेतांतहि झाला नाहीं. तो झाला आगींत.

सतराव्या शतकांत युरोपांतील शहरें दाट वस्तीचीं होतीं, आणि घरांत लांकडाचा वापर विपुल असे. आग लागली म्हणजे माणसांची रांग करून कातडी बादल्या हातोहात पुढें देत. जेथें हातपंपाचा बंब असे, तेथें त्या बंबावर घट्ट बसविलेल्या धातूच्या तोटींतून पाण्याची धार उडवीत. ही तोटी बंबापासून दूर नेतां येत नसे. म्हणून सबंध बंबच ओढीत आगीच्या तोंडाशीं न्यावा लागे. तो रस्त्यांत उभा राहून समोरच्या भिंतीवर पाणी मारी, आणि आग मात्र आंत, मागच्या खोल्यांत, निर्वेध पेटत राही. बंबाच्या टाकींत पाणी ओतावयाचें तेंहि बादल्यांनींच. इ. स. १६५२ मध्यें ॲम्स्टरडॅमचें जुनें नगरभवन अशाच एका आगींत जळून गेलें.

त्या वर्षीं यान व्हॅन डर हेडन हा पंधरा वर्षांचा मुलगा होता. पुढें तो हॉलंडांतील नामांकित चित्रकार झाला. शहरांतील घरें, कालवे आणि पूल हा त्याचा आवडता विषय; आणि त्याचें अवलोकन इतकें सूक्ष्म कीं, त्याच्या चित्रांतील भिंतींच्या विटासुद्धां निरनिराळ्या मोजून घ्याव्यात. परंतु ॲम्स्टरडॅमकरांनीं त्याला मान दिला तो केवळ कुंचल्याकरितां नव्हे. शहराच्या रस्त्यांवर रात्रीं दिवे लावण्याची योजना त्यानें आंखली व ती १६६९-७० च्या सुमारास अमलांत आली. त्यानंतर १६७२ सालीं, आपला भाऊ निकोलास याच्या साहाय्यानें, त्यानें बंबाला जोडावयाची कातडी नळी सिद्ध केली. पन्नास फूट लांबीचे तुकडे, आणि त्यांच्या टोकांना आट्यांचे पितळी जोड, अशी तिची रचना होती. एका तुकड्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे हवे तितके तुकडे जोडतां येत. कालव्यांतील पाणी बंबापर्यंत आणण्याकरितांहि बादल्यांच्या ऐवजीं नळीचीच योजना त्यानें केली.

याचा परिणाम काय झाला? बंब कालव्याच्या कांठीं उभा राहूं लागला आणि माणूस नळीचें तोंड हातीं घेऊन घरांत शिरूं लागला. धार भिंतीवर न पडतां आगीच्या मुळावर पडूं लागली. शहराच्या बंबांची देखरेख या दोघां बंधूंकडे सोंपविण्यांत आली. १६९० सालीं हेडननें आपल्या मुलासह या नव्या बंबांवर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या बंबांच्या काळांतील आगींनीं किती नुकसान झालें व नव्या बंबांच्या काळांत किती, याचा त्यानें त्यांत हिशेब मांडला, आणि जळक्या घरांचीं आंतून दिसणारीं चित्रें काढून आग कशी पसरते हेंहि दाखविलें. चित्रकाराची नजर आणि हिशेबनिसाची काटेकोर वृत्ति यांचा असा संयोग विरळाच.

या नव्या वस्तूला निरनिराळ्या भाषांनीं दिलेलीं नांवेंहि मौजेचीं आहेत. डच लोकांनीं तिला ‘स्लांग’ म्हटलें. त्या शब्दाचा मूळ अर्थ साप. जर्मन भाषेंतील ‘श्लाउख’ या शब्दानें पूर्वीं कातडी पिशवीचा, म्हणजे आपल्या पखालीसारख्या वस्तूचा बोध होई. स्पॅनिश भाषेंत तिचें नांव बाहीवरून पडलें, आणि इंग्रजींतील ‘होज’ हा शब्द पायांतील लांब मोज्यांवरून आला. साप, पखाल, बाही आणि मोजा! जिला हाड नाहीं, जी रिकामी असतां लुळी पडते आणि भरली कीं ताठ होते, अशा वस्तूला ज्यानें त्यानें आपल्या परिचयाची उपमा दिली.

कातडी नळीचा पहिला दोष तिच्या शिवणींत होता. जोड्याप्रमाणें दोऱ्यानें शिवलेली नळी बंबाचा जोर वाढला कीं शिवणीवर उसवे. त्याहून मोठा दोष कातड्याच्या स्वभावांत होता. कातडें फार ओलें राहिलें तर कुजतें आणि फार वाळलें तर तडकतें. ज्याला आपल्या वहाणांना वेळचे वेळीं तेल पाजण्याची संवय आहे, त्याला हें समजावून सांगावयास नको. म्हणून आग विझली कीं बंबवाल्यांचें निम्मेंच काम संपे. नळ्या धुवावयाच्या, त्यांतील पाणी निथळूं द्यावयाचें, त्या उंच टांगून सुकवावयाच्या, आणि पुरत्या कोरड्या होण्यापूर्वीं त्यांना चरबी व तेल यांचें मिश्रण चोळावयाचें. एवढें केल्यावरच त्या गुंडाळून ठेवतां येत. हें काम रात्रीं-अपरात्रीं, थकलेल्या अंगानें आणि बहुधा थंडींत करावें लागे. तें कोणी टाळलें तर त्या दिवशीं कांहींच बिघडत नसे. बिघडत असे तें पुढच्या आगीच्या वेळीं, जेव्हां भर दाबाखालीं नळी फुटे आणि तोंडाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील धार एकाएकीं मावळे. निगेंतील हयगय अशीच असते. तिचा दंड भरावयाचा दिवस निराळा असतो, आणि पुष्कळदां तो भरणारा माणूसहि निराळा असतो.

शिवणीच्या दोषावर उपाय निघाला तो अमेरिकेंत. फिलाडेल्फिया शहरांत १८०३ सालीं केवळ नळ्या बाळगण्याकरितां व त्या आगीवर नेण्याकरितां एक स्वयंसेवक मंडळी स्थापन झाली. तेथेंच १८०७-०८ च्या सुमारास जेम्स सेलर्स आणि अब्राहम पेनॉक यांनीं दोऱ्याऐवजीं धातूच्या रिव्हेटांनीं कातड्याच्या कडा एकमेकींवर घट्ट बसविल्या. ही नळी दाब पुष्कळच सोसूं लागली. पण मजबुतीचें मोल वजनानें द्यावें लागलें. पन्नास फुटांचा एक तुकडा जोडांसह सुमारें ८५ पौंडांपर्यंत भरे. शिवाय चरबीचोळणी कांहीं चुकली नाहीं. शिवण सुधारली, कातड्याचा स्वभाव मात्र होता तोच राहिला.

दुसऱ्या बाजूनें विणकरांनींहि या कामांत हात घातला. अंबाडीसारख्या वाखाची किंवा जवसाच्या धाग्याची, शिवण नसलेली गोल नळी युरोपांत अठराव्या शतकापासून विणली जाऊं लागली. तिची युक्ति सुंदर होती. पाणी सोडतांच प्रथम ती सर्वांगानें पाझरे. परंतु ओले झालेले धागे फुगत आणि विणीचीं छिद्रें आपोआप बुजून जात. ती वजनाला हलकी, किंमतीला स्वस्त आणि गुंडाळावयास सोपी होती. मात्र ती ओली ठेवली कीं तिच्यावर बुरशी चढे आणि धागा आंतल्या आंत कुजे. म्हणजे कातड्याला थोडा ओलावा आणि तेल हवें, तर धाग्याला कोरडेपणा हवा! एकीची निगा दुसरीला लावली तर दुसरी नष्ट व्हावयाची.

यानंतर रबराचें युग आलें. दक्षिण अमेरिकेंतील एका झाडाचा हा चीक युरोपास पूर्वींच ठाऊक झाला होता, पण कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि हिवाळ्यांत कडक होऊन तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें वर्षानुवर्षें दारिद्र्य सोसून प्रयोग केले. गंधक मिसळलेलें रबर तापविलें असतां तें उन्हाथंडींत सारखेंच लवचिक राहतें, हें त्याला १८३९ सालीं आढळून आलें. १८४४ सालीं त्यानें या क्रियेचें पेटंट घेतलें. इंग्लंडांत टॉमस हॅन्कॉक यानेंहि त्याच सुमारास हीच क्रिया साधिली. तिला ‘व्हल्कनायझेशन’ हें नांव पडलें तें व्हल्कन या रोमन अग्निदेवावरून. ज्या रबरानें पुढें शेंकडों आगी विझविल्या त्याच्या संस्काराला अग्निदेवाचें नांव मिळावें, हा योग मोठा विलक्षण आहे. गुडइयरला मात्र या शोधापासून सुख लाभलें नाहीं. १८६० सालीं तो वारला तेव्हां त्याच्या डोक्यावर कर्ज होतें.

१८७० सालच्या अखेरीस बेंजामिन फ्रँकलिन गुडरिच यानें अमेरिकेंतील ॲक्रन या गांवीं रबराचा कारखाना काढला. त्याच्या अगदीं आरंभींच्या मालांत सुती वेष्टणाची रबरी नळी होती. आंत रबर, तें पाणी अडवी. बाहेर विणलेलें सूत, तें दाब सोसी. आगीच्या नळीची हीच रचना पुढें सर्वत्र रूढ झाली. तिच्यामुळें चरबीचें भांडें गेलें, पण टांगण्याची खुंटी गेली नाहीं. सूत ओलें राहून चालत नसे, म्हणून पाश्चात्य देशांतील अग्निशामक ठाण्यांना उंच मनोरे बांधीत. सबंध नळी त्या मनोऱ्यांत उभी सोडली म्हणजे पाणी निथळून ती सर्व बाजूंनीं वाळे. शिवाय नळी फार दिवस एकाच घडीवर पडून राहिली तर त्या घडीवर रबर चिरतें. म्हणून आग लागो वा न लागो, ठराविक काळानें ती उलगडून निराळ्या ठिकाणीं घडी घालण्याचा परिपाठ पडला. पुढें कृत्रिम धाग्यांची न कुजणारी नळी आली तेव्हां या मनोऱ्यांची गरज उरली नाहीं. तथापि कित्येक जुन्या ठाण्यांवर ते अजून उभे आहेत. त्यांच्याकडे पाहून पुष्कळांना ते टेहळणीचे बुरूज वाटतात. वस्तुतः त्यांतील बरेचसे नळ्या वाळत घालण्याच्या उंच दांड्याच होत.

नळीचें अंग कितीहि उत्तम असलें तरी तिचें टोंक नीट नसेल तर सर्व व्यर्थ, हा धडा १९०४ सालीं बाल्टिमोर शहरानें जगाला दिला. त्या वर्षीं ७ फेब्रुवारीस लागलेली आग तीस तासांहून अधिक काळ चालली आणि दीड हजारांहून अधिक इमारती तिच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इत्यादि शहरांहून बंब धांवून आले. परंतु त्यांच्यापैकीं कित्येकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे निराळे! माणसें होतीं, बंब होते, पाणी होतें. अडलें तें पितळेच्या एका कडीपाशीं. पुढें चौकशी झाली तेव्हां त्या देशांत सहाशेंहून अधिक प्रकारचे जोड प्रचारांत असल्याचें दिसून आलें, आणि मग सर्वांकरितां एकच माप ठरविण्याची खटपट सुरू झाली. हेडननें सव्वादोनशें वर्षांपूर्वींच आपल्या सर्व तुकड्यांना एकमेकांशीं जुळणारे जोड दिले होते, हें येथें स्मरतें.

आगीवरून नळी बागेंत आली ती रबर स्वस्त झाल्यामुळें, हें तर खरेंच. पण दुसरेंहि एक कारण आहे. नळांतून दाबानें येणारें पाणी नसेल तर बागेंतील नळी निरुपयोगी होय. मुंबईचेंच उदाहरण घ्यावें. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं शहरांत नळांनीं येऊं लागलें. तोंपर्यंत विहिरी, तलाव, पाणक्याच्या घागरी आणि भिस्त्यांच्या पखाली यांवरच शहराची तहान भागे, आणि बागांची तहान झारीनें किंवा पखालीनें. घरगुती बागेची नळी ही अशा रीतीनें शहरांतील जलवाहिनीची धाकटी लेक आहे. जेथें जेथें नळाचें पाणी गेलें तेथें तेथें ती मागोमाग गेली, आणि माळ्याच्या दोन हातांतील दोन झाऱ्या तिनें खालीं ठेवविल्या.

आज घरोघरीं दिसणाऱ्या पुष्कळशा नळ्या मात्र रबराच्या नाहींत. त्या पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजे पीव्हीसी या द्रव्याच्या असतात. हें द्रव्य मूळचें कठीण व ठिसूळ. त्याला मऊ करण्याची युक्ति वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञास १९२६ सालीं सांपडली, आणि तीहि ॲक्रन येथील त्याच गुडरिच कंपनींत! रबर धातूला चिकटविण्याचा उपाय तो शोधीत होता. हातीं लागलें तें हें नवें मऊ प्लास्टिक. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ सालीं, मलाया जपानच्या हातीं गेला. तेथील मळ्यांतील रबर मित्रराष्ट्रांना मिळेनासें झालें आणि अशा कृत्रिम द्रव्यांना भराभर चालना मिळाली. युद्धानंतर तीं घरगुती वस्तूंत उतरलीं.

इतक्या पदार्थांतून नळी फिरली, तेव्हां तिच्या निगेचे नियमहि पार बदलले असतील असें वाटणें साहजिक आहे. कांहीं बदलले, हें खरें. कातड्याला जें तेल अमृत, तेंच रबराला विष. खनिज तेलानें रबर फुगतें व निकामी होतें. म्हणून जुन्या समजुतीनें रबरी नळीला तेल लावणें हा उपकार नसून अपकार होय. परंतु तीन नियम असे आहेत कीं, ते कातड्याच्या काळीं जितके खरे होते तितकेच आजहि आहेत.

पहिला नियम रिकामी ठेवण्याचा. काम झालें कीं नळ बंद करावा, तोंडाची तोटी उघडून दाब सोडावा, आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नळी उचलीत जाऊन आंतील पाणी सांडून द्यावें. नळ चालू ठेवून केवळ तोटी बंद केली तर नळी दिवसभर ताणलेलीच राहते, आणि उन्हानें मऊ झालेली नळी त्या ताणानें अशक्त जागीं फुगते. आंत कोंडलेलें पाणी उन्हांत इतकें तापतें कीं रोपें होरपळावींत, आणि कोमट, साचलेल्या पाण्यांत रोगजंतूहि वाढतात. सकाळचें पहिलें पाणी थोडा वेळ वाहूं द्यावें. मुलांना नळीला तोंड लावून पाणी पिऊं देऊं नये; कित्येक नळ्यांच्या द्रव्यांत व जोडांत शिशाचा अंश असतो.

दुसरा नियम तीव्र घडी टाळण्याचा. नळी खिळ्यावर अडकविली म्हणजे तिचा सर्व भार एका बिंदूवर येतो आणि तेथें ती चेपते. वांकलेल्या रबराचा बाहेरचा भाग ताणलेला असतो, आणि हवेंत अत्यल्प प्रमाणांत असणारा ओझोन वायु नेमका ताणलेल्या रबरावर घाव घालतो. भेगा पडतात त्या आडव्या, आणि वळणावरच, याचें कारण हेंच. म्हणून नळी रुंद आधारावर ठेवावी. रीळ नसेल तर भिंतीला एखादें जुनें घमेलें पालथें ठोकून त्यावर ती गुंडाळली तरी चालते. गुंडाळण्यापूर्वीं ती सरळ पसरावी. थंडीच्या दिवसांत घटकाभर कोवळ्या उन्हांत ठेवली म्हणजे ती नरम होते. वेढे मोठे घ्यावेत आणि नळीच्या अंगच्या वळणाला अनुसरून घ्यावेत. पीळ पडत असेल तर एक वेढा उजवीकडे, एक डावीकडे, असे इंग्रजी आठाच्या आंकड्याप्रमाणें घालावेत, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्यानें सुटतो.

तिसरा नियम सावलीचा. ऊन आणि हवा यांनीं रबर जुनें होतें. प्लास्टिकला मऊ ठेवणारें द्रव्यहि उष्णतेनें हळूहळू निघून जातें आणि नळी कडक होते. फक्त लवचिकपणाकरितां घटकाभर दिलेलें ऊन निराळें, आणि बारा महिने गच्चीवर पडून खाल्लेलें ऊन निराळें. पावसाळ्यांत बागेला नळीचें काम नसतें, तेव्हां ती निथळून, कोरडी करून, आंत घ्यावी. उंदरांच्या वाटेवर मात्र ठेवूं नये.

आणि बाल्टिमोरचा धडा विसरूं नये. गळणारी नळी बहुधा अंगांत गळत नाहीं, जोडापाशीं गळते. आणि तेथें नवी नळी नको असते, चार पैशांचा वॉशर हवा असतो. जोड ओढून जमिनीवर आपटूं नये, त्यावरून गाडी जाऊं देऊं नये, आट्यांतील माती पुसून टाकावी.

हीं सर्व कामें मिळून पांच मिनिटांचीं आहेत. ॲम्स्टरडॅमच्या किंवा फिलाडेल्फियाच्या बंबवाल्याला तीं करावयास अर्धी रात्र लागे, आणि तीं न केल्यास कोणाचें तरी घर जळे. बागेची नळी फुटली तर घर जळत नाहीं. थोडें पाणी फुकट जातें आणि थोडे पैसे. परंतु ज्या प्रांतांत कित्येक गांवें दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, तेथें गळक्या जोडांतून रात्रभर ठिबकणारें पाणी थोडें म्हणून सोडून देतां येत नाहीं. चित्रकार, विणकर, गवंडी आणि रसायनशास्त्रज्ञ अशा नाना प्रकारच्या माणसांनीं साडेतीनशें वर्षें खपून ही नळी घरापर्यंत आणून दिली आहे. तिचें उरलेलें आयुष्य मात्र, संध्याकाळीं नळ बंद केल्यानंतर तिला उचलून ठेवणाऱ्याच्या हातीं असतें.